ऐंशी फूट उत्तरेला

मंडळाच्या नव्या सभागृहाचा विषय कार्यकारिणीत निघाला तेव्हा माझ्या तोंडून एक वाक्य गेले आणि त्यावर अर्धा तास वाद झाला. मी म्हणालो होतो, "भूमिपूजनाची तारीख काढण्याआधी त्या प्लॉटवर पूर्वी काय होते ते शोधून काढू." खजिनदार म्हणाले, "अहो, माती परीक्षणाचे पैसे अंदाजपत्रकात धरलेच आहेत की!" ते खरे आहे. पण ते परीक्षण माती किती भार पेलेल एवढेच सांगते. आपली माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, त्यामुळे त्या परीक्षणावाचून इंदुरात कोणी शहाणा माणूस पाया घालत नाही. मातीत काय मुरलेले आहे, ते मात्र त्यात कोणी पाहत नाही. यावर एक ज्येष्ठ सभासद भगिनी म्हणाल्या, "माती ती माती. तिच्यात काय असणार?"

सभेत मला नीट उत्तर देता आले नाही. म्हणून संपादकांकडे स्मरणिकेची चार पाने मागून घेतली. माझे सगळे आयुष्य याच गावात सिव्हिल इंजिनिअर म्हणून पाये खोदण्यात गेले. तेव्हा जे सांगतो आहे ते थोडे पुस्तकातले आहे आणि थोडे अंगावर आलेले आहे.

आधी घरचेच उदाहरण घेऊ. इंदूरहून तासा-दीड तासावर उज्जैन. तिथल्या अवंती परिसरात सहाव्या शतकात वराहमिहिर होऊन गेला. ज्योतिषी म्हणून तो सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याच्या बृहत्संहितेत वास्तुविद्येचा एक मोठा अध्याय आहे आणि त्यात जमीन कशी पारखावी ते सांगितले आहे. खड्डा खणावा, निघालेली माती पुन्हा त्याच खड्ड्यात भरावी. माती उरली तर जमीन चांगली, कमी पडली तर वाईट. खड्डा पाण्याने भरून शंभर पावले चालून परत यावे आणि पाणी किती खाली गेले ते बघावे. मातीच्या घट्टपणाची आणि पाझराची ही कसोटी आजच्या इंजिनिअरलाही पटेल.

त्याच अध्यायात 'शल्य' हा विषय येतो. शल्य म्हणजे शरीरात रुतून बसलेला काटा किंवा बाणाचे टोक. जमिनीच्या पोटातही असे शल्य असते असे हे शास्त्र मानते. लाकूड, हाडे, लोखंड, कवटी, केस, कोळसा, राख असे त्याचे प्रकार दिले आहेत आणि प्रत्येकाचे वेगळे अनिष्ट फळ सांगितले आहे. ते कुठे आहे हे ओळखायची युक्ती मात्र गमतीची आहे. प्रश्न विचारताना घरधनी ज्या अंगाला खाजवेल, वास्तुपुरुषाच्या त्या अंगाखाली शल्य असते! यावर मी विद्यार्थीदशेत खूप हसलो होतो. आता हसत नाही. खाजेची युक्ती मला अजूनही पटत नाही, पण बांधण्याआधी या जमिनीत पूर्वीच्या माणसांनी काय टाकून ठेवले आहे हा प्रश्न विचारायची रीत आपल्याकडे होती, हे पटते. आपण पूजा ठेवली आणि प्रश्न सोडून दिला.

हा प्रश्न सोडून दिल्याने काय होते, त्याची जगातली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स या शहरातली आहे. धबधबा पाहायला आपल्यापैकी बरेच जण मुला-नातवंडांकडे गेले असताना जाऊन आले असतील. त्या धबधब्यापासून थोड्याच मैलांवर ही जागा आहे.

1890 च्या दशकात विल्यम लव नावाच्या एका उद्योजकाने तिथे आदर्श नगरी वसवायचे ठरवले. नायगारा नदीच्या वरच्या अंगापासून खालच्या अंगापर्यंत कालवा खणायचा, पाण्याच्या त्या उतारावर वीज तयार करायची आणि त्या विजेवर कारखाने चालवायचे. त्या काळी वीज दूरवर नेता येत नसे, म्हणून कारखान्यांना विजेच्या शेजारीच यावे लागेल, असा त्याचा हिशेब होता. पुढे मंदी आली, गुंतवणूकदार पळाले. तेवढ्यात टेस्लाच्या प्रत्यावर्ती प्रवाहाने हिशेबाचा पायाच काढून घेतला. 1896 मध्ये नायगाराची वीज तारांवरून बफेलो शहरात पोहोचली. लवची नगरी कागदावर राहिली आणि जमिनीत मैलभराच्या आसपास लांबीचा एक अर्धवट चर तेवढा उरला. लोक त्याला 'लव कॅनॉल' म्हणू लागले. उन्हाळ्यात पोरे त्यात पोहत आणि हिवाळ्यात पाणी गोठले की त्यावर घसरत.

चर मोकळा दिसला की त्यात काहीतरी टाकावे असे माणसाला का वाटते, कोण जाणे. आधी शहराचा कचरा तिथे पडू लागला. मग 1942 पासून हूकर या रसायन कंपनीने आपला टाकाऊ माल तिथे पुरायला सुरुवात केली. दहा वर्षांत सुमारे 21,000 टन रसायने त्या चरात गेली. कीटकनाशकांचे आणि रंगद्रव्यांचे अवशेष, क्लोरीनयुक्त द्रव, डायॉक्सिन मिसळलेला गाळ, असे बरेच काही त्यात होते. बहुतेक माल पिंपांत भरलेला. तिथली मूळ माती चिकण, पाणी सहज न जाऊ देणारी. वरूनही चिकणमातीचा थर घातलेला. त्या काळच्या मानाने ही पद्धत अगदीच गलथान नव्हती, हे कबूल करायला हवे. झाकण शाबूत राहिले असते तर कदाचित पुष्कळ दिवस काही झाले नसते.

पण युद्धानंतर शहर वाढत होते, मुलांसाठी शाळा कमी पडत होत्या आणि शाळा मंडळाला स्वस्त जमीन हवी होती. 28 एप्रिल 1953 रोजी कंपनीने ही जागा शाळा मंडळाला एका डॉलरला दिली. मंडळाने जमीन सक्तीने घेण्याचा धाक घातला म्हणून दिली असे कंपनी पुढे सांगत राहिली. ते किती खरे, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. खरेदीखतात मात्र स्पष्ट लिहिले होते की या जागेत रसायनांच्या निर्मितीतला टाकाऊ माल भरलेला आहे, घेणाऱ्याला त्याची कल्पना दिलेली आहे आणि पुढे कोणाला इजा झाली किंवा मृत्यू आला तरी कंपनीवर दावा लावता येणार नाही. म्हणजे जमिनीत काय आहे हे दोन्ही पक्षांना ठाऊक होते. एकाला त्यातून सुटायचे होते आणि दुसऱ्याला एका डॉलरात शाळेची जागा हवी होती.

आता या गोष्टीतला तो भाग, ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो.

जानेवारी 1954 मध्ये शाळेचा पाया खोदताना मजुरांना रसायनांच्या पिंपांनी भरलेले दोन खड्डे लागले. प्रत्येक पिंप सुमारे दोनशे लिटरचे. शाळेच्या वास्तुविशारदाने शिक्षण समितीला पत्र लिहिले. या जमिनीत कोणता कचरा आहे ते माहीत नाही, त्यामुळे इथे बांधणे शहाणपणाचे नाही आणि काँक्रीटच्या पायालाही अपाय होऊ शकतो, असा त्याचा आशय होता. पत्र अगदी योग्य होते. योग्य माणसाने, योग्य वेळी, योग्य ठिकाणी लिहिलेले. त्यावर शाळा मंडळाने काय केले? नकाशावर इमारत ऐंशी-पंच्याऐंशी फूट उत्तरेला सरकवली. बालवाडीच्या मुलांचे खेळायचे अंगण नेमके पुरलेल्या रसायनांच्या डोक्यावर येत होते, तेही हलवले. आणि बांधकाम चालू ठेवले.

पत्र वाचून कोणी दुर्लक्ष केले असे म्हणता येत नाही. पत्राची दखल घेतली गेली, ठराव झाला, नकाशा बदलला. सभेच्या इतिवृत्तात हा विषय निकाली निघाला असणार. 'जागा बदलून प्रश्न सोडवला' हे वाक्य मी माझ्या नोकरीत इतक्या फायलींत वाचले आहे की त्या समितीतले सभासद मला ओळखीचे वाटतात.

वाचलेच आहे असे नाही, मी ते लिहिलेही आहे.

1986 चा उन्हाळा. मी एका ठेकेदाराकडे नवा होतो. इंदुरातल्याच एका वसाहतीत तीन मजली इमारतीचे काम होते. कॉलमचे खड्डे खणताना एका कोपऱ्यात पाच-सहा फुटांवर मातीचा रंग बदलला. काळी माती आम्हाला नवी नव्हती, पण ही काळी वेगळी होती. तेलकट, चकाकणारी, आणि वास असा की नाकात झोंबून डोळ्यांत पाणी यावे. मुकादम भला माणूस होता. तो म्हणाला, "साब, ये मिट्टी ठीक नहीं है, इसमें कुछ मिला है." मालकाला बोलावले. त्याने ती जागा तिसऱ्या हाताची घेतलेली होती, आधी काय होते ते त्याला ठाऊक नव्हते. शेजारचा एक म्हातारा म्हणाला, पूर्वी इथे रंगाई होत असे. दुसरा म्हणाला, छे, बॅटऱ्यांचे काम चाले. विषय तिथेच थांबला, कारण दुसऱ्या दिवशी सळई येणार होती. मी कॉलमची ती ओळ सात फूट आत घेतली आणि नकाशात दुरुस्ती करून खाली सही केली. काढलेली माती ट्रॉलीत भरून दोन गल्ल्या पलीकडच्या एका सखल प्लॉटवर भरावाला दिली. फुकट भराव मिळाला म्हणून त्या प्लॉटवाल्याने आम्हाला चहा पाजला.

लव कॅनॉलची हकीगत मी त्यानंतर सात-आठ वर्षांनी वाचली. त्यात एक तपशील आला आणि मी पुस्तक मिटून ठेवले. शाळा मंडळाने त्या कालव्यावरची हजारो घनयार्ड माती उचलून 93 व्या रस्त्यावरच्या दुसऱ्या शाळेच्या आवारात सपाटीकरणाला वापरली होती. पुढे ती शाळाही बंद करावी लागली.

असो. पहिली शाळा, 99 व्या रस्त्यावरची, 1955 मध्ये उघडली. चारशे मुले. त्याच वर्षी आवारातली पंचवीस फुटांची एक जागा खचली, पिंपे उघडी पडली आणि पावसात त्यात पाणी साचू लागले. मुलांना साचलेल्या पाण्यात खेळायला कुठेही आवडते, तिथेही आवडले. भोवती घरे उठत होती. नोव्हेंबर 1957 मध्ये कंपनीच्या वकिलाने शाळा मंडळाच्या सभेत येऊन ही जमीन घरबांधणीला देऊ नका, तिथे खोदकाम करणे धोक्याचे आहे, असे बजावले. पण त्याच सुमारास नगरपालिकेने सांडपाण्याच्या वाहिन्या टाकायला चर खणले आणि ते कालव्याच्या चिकणमातीच्या भिंतीतून आरपार गेले. वाहिनीभोवती आपण खडी-वाळू भरतो. चिकणमातीत कोंडलेल्या द्रवाला अशी खडीची पट्टी म्हणजे आयता रस्ता. 1960 च्या दशकाच्या अखेरीस दक्षिणेला द्रुतगती मार्ग झाला. त्याच्याही खोदकामात रसायने लागली आणि त्या मार्गामुळे भूजलाची नदीकडे जायची वाट अडली.

मग कालव्याची बादली भरू लागली. वरून पाणी आत जाते, खालून चिकणमाती ते सोडत नाही, म्हणून ते काठावरून सांडते. 1970 च्या दशकाच्या मध्यात पाऊस आणि बर्फ जास्त पडले. अंगणांत पिंपे वर आली, झाडे काळवंडली, तळघरांच्या भिंतींवर काळा चिकट द्रव पाझरू लागला. 1976 मध्ये तिथल्या स्थानिक दैनिकाच्या बातमीदारांनी तळघरांतले पाणी उपसणाऱ्या पंपांजवळचे नमुने तपासून घेतले आणि त्यात विषारी रसायने निघाली. तरी सरकारी पातळीवर हालचाल व्हायला दोन वर्षे गेली.

लोइस गिब्ज ही त्या वस्तीतली साधी गृहिणी. तिचा मुलगा 99 व्या रस्त्यावरच्या शाळेत बालवाडीत जाऊ लागला आणि त्याला फेफऱ्याचे झटके येऊ लागले. वर्तमानपत्रातल्या लेखमालेतून शाळा कशावर उभी आहे ते तिला कळले. त्याला दुसऱ्या शाळेत घाला, एवढेच तिचे म्हणणे होते. मंडळाने नकार दिला. एका मुलासाठी मान्य केले तर सगळ्यांसाठी करावे लागेल, म्हणून. मग ती सह्यांचा कागद घेऊन दारोदार फिरली आणि प्रत्येक घरात काही ना काही दुखणे ऐकत गेली. 2 ऑगस्ट 1978 रोजी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य आयुक्तांनी आणीबाणी जाहीर केली. शाळा बंद करावी, गरोदर स्त्रिया आणि दोन वर्षांखालची मुले यांनी तिथून हलावे, असा त्यांचा सल्ला होता. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाच्या आईने काय समजायचे? लोक भडकले. पाच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी केंद्रीय आणीबाणी जाहीर केली आणि कालव्यालगतची 239 कुटुंबे सरकारने हलवली.

बाकीच्यांनी दोन वर्षे वाट पाहिली. मे 1980 मध्ये त्यांनी पर्यावरण खात्याच्या दोन अधिकाऱ्यांना काही तास एका घरात अडकवून ठेवले. गावाकडच्या घेरावाचीच ही अमेरिकन आवृत्ती. दोन दिवसांत कार्टर यांनी दुसरी आणीबाणी जाहीर केली आणि आणखी शेकडो कुटुंबांचा मार्ग मोकळा झाला. त्याच वर्षी 11 डिसेंबरला दूषित जमिनींच्या सफाईचा कायदा झाला. 'सुपरफंड' या नावाने तो ओळखला जातो. शाळा 1982 मध्ये पाडली. 1994 मध्ये न्यायालयाने हूकर कंपनीला निष्काळजी ठरवले, पण बेदरकार ठरवले नाही. पुढच्या वर्षी हूकर ज्या कंपनीत विलीन झाली होती तिने केंद्र सरकारला 129 दशलक्ष डॉलर द्यायचे कबूल केले.

ती 21,000 टन रसायने मात्र कोणी बाहेर काढली नाहीत. ती तिथेच आहेत. सभोवार निचऱ्याचे चर, वर चिकणमाती आणि प्लास्टिकचे आच्छादन, पाझरणारे पाणी गोळा करून शुद्ध करणारे केंद्र, आणि भोवती कुंपण. एवढ्या सगळ्याची राखण पिढ्यानपिढ्या करत राहायची. 2004 मध्ये ही जागा धोकादायक जागांच्या राष्ट्रीय यादीतून काढली. 2011 मध्ये जवळच्याच रस्त्यावर सांडपाण्याच्या वाहिनीच्या कामासाठी खोदताना कामगारांना पुन्हा रसायने लागली.

त्याच काळात नेदरलँड्समध्ये काय झाले ते आमच्या धंद्यातल्या माणसाने मुद्दाम वाचावे असे आहे. रॉटरडॅमजवळ लेकरकेर्क नावाचे गाव आहे. जमीन दलदलीची, पाण्याच्या चरांनी चिरलेली. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला नवी वसाहत बांधताना ते चर पाडकामाचा राडारोडा आणि कचरा टाकून बुजवले. त्यात कोणीतरी रसायनांची पिंपेही सोडून दिली. 1978 मध्ये पिण्याच्या पाण्याची मोठी नळी फुटली. प्लास्टिक सहसा मातीत कुजत नाही, मग फुटली का? मातीतल्या द्रावकांनी ती आतून-बाहेरून खाल्ली होती. 1980 मध्ये सुमारे 270 घरे रिकामी केली. दलदलीत बांधायचे म्हणून तिथली घरे खोल पाइल्सवर उभी होती. त्यामुळे घरे तशीच ठेवून त्यांच्या पोटाखालची माती खणून काढता आली! खालून पंधराशेहून अधिक पिंपे निघाली. मला या कामाचे फार कौतुक वाटते. तीन वर्षांत तिथे मातीच्या सफाईचा कायदा आला आणि कोणत्या द्रव्याचे मातीत किती प्रमाण असले की काय करायचे याचे तक्ते तयार झाले. आपल्या धंद्यात 'माती खराब आहे' या मुकादमाच्या वाक्याला तेव्हा पहिल्यांदा आकडे मिळाले, असे मी समजतो.

पुढचे तंत्र त्यावरच वाढले. लंडनच्या 2012 च्या ऑलिम्पिकसाठी घेतलेली जागा जुन्या कारखान्यांची होती. डांबर, तेल, आर्सेनिक, शिसे, सगळे तिथल्या मातीत. पण तिथे आधी बोअर घेऊन जमीन चाळली आणि मग सुमारे वीस लाख टन माती जागेवरच यंत्रांत धुऊन, सूक्ष्मजीवांकरवी साफ करून पुन्हा वापरली. खर्च अफाट झाला, पण तो अंदाजपत्रकात आधीपासून होता. फरक तेवढाच आहे. आपल्यासारख्या लहान कामात एवढी यंत्रे कोण आणणार? पण लहान कामाला लागणारे शहाणपण महाग नाही. विचित्र रंगाची किंवा वासाची माती लागली की काम थांबवायचे आणि वास घेत बसायचे नाही. निघालेली माती चांगल्या मातीत मिसळू द्यायची नाही. ताडपत्रीवर वेगळी रचायची आणि वरूनही झाकायची, नाहीतर पहिल्या पावसात ती शेजाऱ्याच्या विहिरीत. चार जागी खड्डे घेऊन माती आणि पाणी दोन्ही प्रयोगशाळेत द्यायचे. आणि ती विष आहे की नाही हे कळेपर्यंत एकही ट्रॉली आवाराबाहेर जाऊ द्यायची नाही. 1986 मध्ये मला यातले काहीच कोणी शिकवले नव्हते, हे कारण आहे. पण मुकादमाला न शिकवता कळले होते, तेव्हा ते पुरेसे कारण नाही.

हे सगळे परदेशातले म्हणून बाजूला ठेवायची सोय आपल्याला, निदान इंदूरकरांना, राहिलेली नाही. 2 जानेवारी 2025 च्या पहाटे भोपाळच्या युनियन कार्बाइडचा 337 टन विषारी ऐवज बारा कंटेनरांतून पिथमपूरला आला, हे आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. आपल्या मंडळातल्या निम्म्या घरांतले कोणी ना कोणी पिथमपूरला कामाला आहे किंवा होते. दुसऱ्याच दिवशी तिथे बंद झाला, दोघांनी स्वतःला पेटवून घ्यायचा प्रयत्न केला. न्यायालयाच्या देखरेखीखाली आधी चाचण्या झाल्या आणि जूनअखेर सगळे जाळून संपले. राखेचे वजन मूळ ऐवजापेक्षा जास्त भरले, कारण जाळताना चुना वगैरे मिसळावा लागतो. त्या 337 टनांत कारखान्याच्या आवारातून खणून काढलेली मातीही होती, हे फारच थोड्यांच्या लक्षात आले. गॅसची रात्र 1984 ची. पण कारखान्याचे दूषित पाणी साठवायची तळी त्याआधीपासून होती, त्यांच्या आसपास वस्त्या वाढल्या आणि तिथल्या भूजलात विष सापडले. त्या मातीचा हिशेब अजून बाकी आहे.

24 जुलै 2025 रोजी केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. अशा जागा कोणी शोधायच्या, तपासायच्या कोणी आणि सफाईचा खर्च कोणाच्या माथी, हे त्यात ठरवले आहे. अमेरिकेच्या कायद्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी. उशीर झाला, पण झाले ते बरे झाले. मात्र कोणताही नियम आपल्या कोपऱ्यावरच्या दीड-दोन हजार चौरस फुटांच्या प्लॉटपर्यंत आपणहून चालत येणार नाही. तिथे कागदावर काही नाही. सात-बारा किंवा रजिस्ट्री जमीन कोणाची ते सांगते, जमिनीवर काय केले ते सांगत नाही. हूकरच्या खरेदीखतात निदान ते लिहिलेले तरी होते.

ते कागदावर नसले तरी माणसांच्या डोक्यात असते. गिरण्यांच्या भोंग्यावर ज्यांचे घड्याळ चालायचे अशी माणसे आपल्या मंडळात अजून आहेत. कोणत्या गल्लीत रंगाई होती, कुठे मुलामा देणाऱ्यांची दुकाने होती, कुठला नाला कोणत्या रंगाचा वाहायचा, हे त्यांना सांगता येते. 1986 मध्ये मला दोन म्हातारे भेटले होते आणि दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. तिसऱ्याला विचारायला मी थांबलो नाही.

ती इमारत अजून आहे. मधून मधून त्या रस्त्याने जातो. जिथे आम्ही माती टाकली होती त्या प्लॉटवरही आता दुमजली घर आहे, मागच्या बाजूला हातपंप आहे. गेल्या वर्षी धीर करून आत गेलो, सगळे सांगितले आणि पंपाचे पाणी तपासून घ्या, खर्च मी देतो असे म्हणालो. घरच्या सूनबाईंनी बाटली भरून दिली. अहवालात शिशाचे प्रमाण पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले. ते आमच्याच मातीतून आले की आणखी कुठून, हे प्रयोगशाळा सांगू शकत नाही आणि मीही सांगू शकत नाही. त्यांना नगर निगमचे नळाचे पाणी आहे, पंप धुण्या-भांड्याला वापरतात. आता तोही बंद केला आहे.

तर मुद्द्याचे. मंडळाच्या कार्यालयामागचा जो प्लॉट आपण घेतला आहे, त्याच्या ईशान्य कोपऱ्यात कुंपणाचे खांब रोवताना अडीच फुटांवर राखाडी रंगाचा एक थर लागला. तो राखेचा आहे, चुन्याचा आहे की आणखी कशाचा, ते अजून ठरलेले नाही. नमुने प्रयोगशाळेत दिले आहेत. 1965 ते 1980 च्या दरम्यान त्या जागेवर पत्र्याची एक शेड होती, एवढे दोघा-तिघांना आठवते. शेडमध्ये काय चाले, हे ज्यांना ठाऊक असेल किंवा ज्यांच्या आई-वडिलांना, आजी-आजोबांना ठाऊक असेल, त्यांनी उत्सवाच्या दहा दिवसांत संध्याकाळी आरतीनंतर कार्यालयात येऊन सांगावे. मी तिथे वही घेऊन बसलेला असेन. खात्री नसली तरी या, आणि दुसऱ्याने वेगळे सांगितले असले तरी या.